दसऱ्याच्या धुण्यात गेलेलं कव्हर

गादीवर घालायच्या वॉटरप्रूफ कव्हरला एका कोपऱ्यात बोटाएवढी पांढरी पट्टी शिवलेली असते. तिच्यावर अक्षरं कमी, चित्रं जास्त. पाण्याची बादली आणि तीत हात. फुली मारलेली इस्त्री. फुली मारलेला त्रिकोण, म्हणजे ब्लीच नको. पिळलेला कपडा, त्यावरही फुली.

तीस वर्षं मी कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, मोटरीवरची पट्टी आधी वाच, मग बटण दाब. एकानंही कधी वाचली नाही. मी मात्र कव्हरची पट्टी वाचली होती, बिछान्यात पडल्या पडल्या दुसरं काम तरी काय होतं? मला ती पाठ झाली होती. तरीसुद्धा आमचं कव्हर धुण्यातच गेलं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत.

ते कसं गेलं, ते सांगायला बसलोय. कव्हर कसं धुवावं तेही सांगणार आहे, कारण ते मला कुणी धड सांगितलं नव्हतं. यातून बरं कसं व्हावं ते मात्र मला विचारू नका. मी बरा झालेलो नाही.

एक चप्पल

मागच्या उन्हाळ्यात दुकान बंद करून चालत घरी आलो, तर दारात मंगल, माझी बायको, माझ्या पायांकडं बघत उभी. म्हणाली, "अहो, एक चप्पल कुठं ठेवून आलासा?"

खाली बघितलं तर डावा पाय मोकळा. चप्पल वाटेत कुठंतरी निसटली होती. तापलेल्या डांबरावरून अर्धा मैल तसाच आलो होतो, टाचेला फोड आले होते आणि मला पत्ताच नव्हता. मंगल हसली. मीही हसलो. डोकं मोटरीत अडकलं असणार, असं दोघंही धरून चाललो.

पंधरा दिवसांनी तोच पाय जिन्याची पायरी चुकायला लागला. मग तपासण्या, ते बोगद्यासारखं मशीन, आणि कोल्हापुरातले एक डॉक्टर. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला आणि पाठीच्या कण्यावर पेनाचं टोक टेकवलं. "ही गाठ. आतल्या नसांना चिकटून आहे."

"काढली की झालं का?" मी विचारलं.

"काढता येईल तेवढी काढू."

जळून कोळसा झालेली मोटर घेऊन कुणी आलं की मीही हेच म्हणायचो, 'होईल तेवढं बघतो.' त्याचा अर्थ काय असतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मंगलनं विचारलं, "चालायला येईल ना?" डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू. लघवीचं आम्ही कुणीच विचारलं नाही. ते जाऊ शकतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वॉर्डातली मावशी

ऑपरेशननंतर बारा दिवस वॉर्डात होतो. पहाटे अंग पुसायला यायचे, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे पाहुणे, आणि तेच पाहुणे जाताना माझीही चौकशी करून, वर केळी ठेवून जायचे. अनोळखी लोकांची केळी मी आयुष्यात एवढी खाल्ली नव्हती.

लघवीची नळी होती तोवर काही कळलं नाही. दहाव्या दिवशी नळी काढली. दुपारी मंगलशी बोलत होतो, आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. चादर भिजली होती. मला काहीच जाणवलं नव्हतं. चौपन्न वर्षांचा माणूस, गावात चार लोक नाव घेतात, आणि बायकोशी बोलता बोलता हे असं. मी भिंतीकडं तोंड केलं. मला तिथंच मरावंसं वाटलं, आणि ते मी वाढवून सांगत नाहीये.

फरशी पुसणारी मावशी आली. चादर ओढता ओढता म्हणाली, "पावणं, लाजून काय हुतंय? घरात झोपाय वाकळ हाय का गादी?"

"गादी," मंगल म्हणाली.

"मग जायच्या आदी तिच्यावर पाणी न लागणारं कव्हर घाल बाई. वाकळ धुता येती, गादी धुता येत न्हाय. एकदा का आत मुरलं, की वास जात न्हाय. मग गादी बी नगं वाटती आन् त्याच्यावरचं माणूस बी नगं वाटतंय."

मावशी दुसऱ्या खाटेकडं गेली. तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं ते आजतागायत.

मला काय हवं होतं

लग्नानंतरची पंचवीस वर्षं आम्ही जमिनीवर वाकळा, म्हणजे गोधड्या, टाकून झोपलो. पलंग आणि गादी आली ती प्रज्ञाला, आमच्या लेकीला, पुण्यात नोकरी लागल्यावर. मंगल भिंतीच्या बाजूला, मी दाराच्या बाजूला. ती अंगणवाडीत सेविका आहे. दिवसभराचं सगळं ती अंथरुणावर पडून सांगायची, कोणतं पोर कुणाला चावलं आणि कोणत्या आईनं काय भांडण काढलं. मी निम्म्यात झोपायचो. सकाळी ती विचारायची, "मग पुढं काय झालं सांगा बघू?"

दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या एकानं सुचवलं की बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट टाका, पेशंटला सोयीचं पडतं. मंगल म्हणाली, "कशाला? जिथं झोपत होते तिथंच झोपतील." रिक्षात मी रडलो. चालणं गेलं तरी चालेल, पण ती जागा जाऊ नये, एवढंच मी मनात धरलं होतं. ते कव्हर म्हणजे गादीवरचं एक फडकं, पण माझी जागा त्याच्यावर टिकून होती.

कव्हर कसं सांभाळायचं

वरून टर्किशच्या टॉवेलासारखं कापड, खालून पातळ रबरासारखा थर, कडेला इलॅस्टिक. डायपर लावला तरी पहाटेपर्यंत कुशीतून गळतंच. तेव्हा ज्याच्यावर ही वेळ आली असेल त्यानं एवढं करावं.

ओलं झालं की लगेच काढायचं आणि गार पाण्यात बुडवायचं. मंगल सुरुवातीला कोमट पाणी घ्यायची, त्यानं वास आणखी पक्का बसला. साबण साधा आणि थोडाच. वासासाठी शेवटच्या पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर. घासायचं ते हातानं, कापडाच्या बाजूनं. ब्रश नको, पिळणं नको, नुसतं दाबून पाणी काढायचं. मशीनमध्ये पिळायला तर अजिबात टाकू नका, आत पाण्याचा फुगा धरतो आणि थर फाटतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं, आधी रबराची बाजू वर आणि ती सुकली की उलटं. अर्धवट ओलं घडी घातलं तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि मग ते जात नाहीत.

महिन्यातून एकदा परीक्षा घ्यायची. खाली वर्तमानपत्र, वर कव्हर, त्यावर पेलाभर पाणी. चहा होईपर्यंत थांबायचं. कागद कोरडा निघाला तर अजून महिनाभर चिंता नाही. पंपाचं सील मी असंच तपासायचो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कव्हरं दोन हवीत. मंगल पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अहो, दोन घेऊया की. एक वाळतंय तवर एक." मीच नको म्हणालो. डॉक्टरांनी सहा महिने वाट बघायला सांगितली होती. दुसरं कव्हर घेणं म्हणजे हे आता असंच राहणार, असं कबूल करण्यासारखं होतं. म्हणून एकच घेतलं, आणि सकाळी धुतलेलं ते संध्याकाळपर्यंत वाळावं म्हणून मंगल दिवसभर आभाळाकडं बघायची.

आमच्या स्लॅबवर चारी बाजूंच्या घरांची नजर. कव्हर दिसू नये म्हणून ती दोरीवर आधी कव्हर टाकायची आणि वरून साडी. त्यामुळं ते वाळायला दुप्पट वेळ लागायचा. शेजारीण एकदा म्हणालीच, "मंगल, एकच साडी रोज धुतीस व्हय गं?"

आक्का आली

आम्ही बौद्ध, घट बसवत नाही. पण पाऊस संपला की दसऱ्याच्या तोंडावर घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायची रीत आमच्यातही आहे. अख्खा गाव धुतो, आम्हीही धुतो. एक चिंधीसुद्धा मागं ठेवायची नाही, असा आईचा दंडक होता.

मंगलला नोकरी आणि माझं दुखणं, हे एवढं धुणं एकटीला कसं झेपणार, म्हणून कबनूरहून आक्का आली. माझी थोरली बहीण. दाजी यंत्रमागावर कामाला होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आक्काला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की पाठीचं ऑपरेशन झालं, पायात ताकद यायला वेळ लागेल. बाकीचं सांगायला जीभ रेटली नाही. जिनं मला कडेवर घेऊन शेंबूड पुसला, तिला हे कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मंगलला मीटिंगसाठी शहरात जावं लागलं. कव्हर सकाळी धुवायला वेळ नव्हता. सुदैवानं त्या दिवशी कोरडं होतं, म्हणून तिनं ते गादीवरच राहू दिलं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. आक्कानं वाकळा गोळा केल्या, उशांचे अभ्रे काढले, पलंगावरची चादर ओढली. मग तिचा हात थांबला.

"सिद्ध्या, ह्ये काय रं? खालनं प्लास्टिक लावल्यागत?"

"धूळ बसू ने म्हणून," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे की ते."

ती माझ्याकडं क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "आईचं इसारलास व्हय? एक बी कापड मागं ठिवायचं न्हाय. मी चांगलं धुऊन आणतो."

तिनं कव्हर ओढून काढलं, गाठोड्यात घातलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मळ्यातल्या विहिरीकडं निघाली. तिथं काय होणार ते मला दिसत होतं. चुलीवर सोड्याचं कढत पाणी, मग दगडावर धोपाटणं, मग पिळा, मग तापलेल्या खडकावर ऊन. पट्टीवरची एकूण एक फुली. ती वळणावर जाईपर्यंत मला हाक मारता आली असती. 'आक्का, ते नको, मला लघवी धरत नाही,' एवढंच सांगायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. भरल्या उजेडात, शुद्धीत बसून, मी ते जाऊ दिलं.

घडी

संध्याकाळी आक्का सगळं वाळवून, घड्या घालून घेऊन आली. कव्हरची घडी सगळ्यात वर होती, पांढरीशुभ्र. मंगल घरी आली, पर्स खाली ठेवायच्या आधी तिनं ती उचलली आणि उलटी केली. रबराच्या थराला बारीक भेगा गेल्या होत्या. मधोमध कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. आक्का समोर होती. मंगलनं तेच कव्हर अंथरलं, त्यावर दोन टॉवेल टाकले, आणि दोघं देवाच्या नाही तर नशिबाच्या भरवशावर झोपलो.

सकाळ झाली तेव्हा मंगल पलंगाशी उभी होती. तिची साडी कमरेपासून भिजली होती. ती तळव्यानं गादी दाबून बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दाबेल तिथं ओल वर येत होती. भिंतीकडची तिची बाजूसुद्धा. तेवढ्यात दारात आक्का चहाचे कप घेऊन आली.

तिनं कप खाली ठेवले, पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला कळलं नाही, नुसता हात दिसला.

"वास मला आल्या आल्याच आलता," ती म्हणाली. "वळखीचा हाय मला. तुझ्या दाजींची शेवटली दोन वरसं अशीच गेली. खताच्या पोत्यातलं प्लास्टिक घालायचो खाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवाय लागलास, मग मी कशाला उघडं पाडू? म्हटलं, गप चांगलं कढवून, बडवून आणावं. त्येंच्या वाकळा मी तशाच धुवायचो, मग वास जायचा. ह्येला तसलं चालत न्हाय, ह्ये मला काय म्हाईत?" तिनं पदरानं गादीची कड पुसली. "बोलायचंस की रं."

दाजी आजारी असताना मी कबनूरला जायचो. एकदा त्यांच्याच खाटेवर बसून म्हणालो होतो, "आक्का, मागचं गटार तुंबलंय वाटतं, काय वास सुटलाय!" आक्का तेव्हा हसून 'व्हय व्हय' म्हणाली होती आणि दाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते मला त्या सकाळी आठवलं. तिला आठवत असणारच, पण तिनं काढलं नाही. मी तिची माफी मागायला हवी होती, तीही राहून गेली.

लोखंडी खाट

गादी वाचवायला काय काय केलं. खायचा सोडा पसरून ठेवला, व्हिनेगर शिंपडलं, चार माणसांनी उचलून तीन दिवस स्लॅबवर उन्हात टाकली. आता लपवायला काही उरलं नव्हतं, सगळ्या गल्लीनं बघितलं. मजा म्हणजे कुणी काहीच बोललं नाही. शेजारणीनं तर तिच्या सासऱ्यांचं राहिलेलं एक डायपरचं पाकीट आणून दिलं. इतके महिने मी ज्याला भीत होतो ते एवढंच निघालं. पण उन्हातून आत आणली की तासाभरात गादीचा वास परत यायचा. शेवटी टाकून दिली.

तात्पुरती सोय म्हणून दुकानातली लोखंडी खाट बाहेरच्या खोलीत आणली. मी तिच्यावर, खाली रेक्झिन. मंगल आत जमिनीवर वाकळ टाकून. पहिल्या सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची झोप झाली होती. डोळ्यांखालचं काळं जरा निवळलं होतं. मला बरं वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतर डॉक्टरांकडं फेरी झाली. नवीन फोटो काढला. "जी ताकद परत आलीय तेवढीच," डॉक्टर म्हणाले. "लघवीचं आता असंच धरून चाला. आणि राहिलेला तुकडा थोडा वाढलाय." परत ऑपरेशनचं विचारलं तर त्यांनी मान हलवली, धोका जास्त. परतीच्या रिक्षात मंगलनं माझा हात धरला होता.

साईज

त्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला. मंगल माझ्या खाटेशेजारी बसून मेथी निवडत होती. फोन स्पीकरवर होता.

"पप्पा, मी आत्ताच ऑर्डर करते. गादी आणि कव्हर. साईज सांगा, डबल की सिंगल?"

पलंग आत तसाच होता, उघड्या फळ्यांचा. मला डबल म्हणायचं होतं. पण ते मंगलनं म्हणावं असं वाटत होतं, कारण भिजणार होती ती. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती काडी काडी बघून मेथी निवडत होती.

"हॅलो? पप्पा?"

"सिंगल घे," मंगल म्हणाली. मान वर न करता. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि कव्हरं दोन घे."

प्रज्ञा बरं म्हणाली. मंगलनं मेथीचं ताट उचललं आणि आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मला कळला, खांद्याला अजून सगळं कळतं. बोलायला तेव्हाही वेळ होता, ती दारापर्यंतही पोचली नव्हती. आक्काच्या वेळी गप्प राहिलो होतो, तसाच याही वेळी गप्प राहिलो.

कव्हरं आली. आता ती मीच धुतो, खुर्चीत बसून, बादलीत, गार पाण्यानं, पट्टीवर लिहिलंय तसं. एक वाळतं, एक खाटेवर असतं. कागद अजून कोरडा निघतो. रात्री आतल्या खोलीतून मंगलचा आवाज येतो, अंगणवाडीतलं कायबाय मला सांगत असते, पण भिंतीतून शब्द नीट कळत नाहीत.